घोडपदेवाहून परळपर्यंत : जातककथांच्या वाटेनें

प्रवासवर्णन म्हटलें कीं हिमालयाचीं शिखरें, दक्षिणेचीं गोपुरें, निदान कोंकणचा समुद्र तरी वाचकांस अपेक्षित असतो. आमच्या आजच्या प्रवासाचा पल्ला जेमतेम कोसभराचा आहे. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यालगत, भायखळ्याच्या पलीकडे व लालबागच्या अलीकडे घोडपदेव नांवाची वस्ती आहे. तेथून निघून काळाचौकी व लालबाग या मार्गानें परळपर्यंत जावयाचें, एवढाच हा प्रवास. पाहुण्यारावळ्यांस मुद्दाम नेऊन दाखवावें असें या वाटेवर फारसें कांहीं नाहीं. परंतु बौद्ध वाङ्मयाचें, आणि त्यांतही कथावाङ्मयाचें, अध्ययन महाराष्ट्रांत कसें रुजलें व कोणापर्यंत पोंचलें, हें ज्यास समजून घ्यावयाचें असेल त्यास हा रस्ता अजिंठ्याच्या वाटेइतकाच उपयोगी पडेल, असें आम्हांस वाटतें.

घोडपदेवास आमचे एक भाचे राहतात. त्यांच्याकडे गेल्या पावसाळ्यानंतर आम्ही पंधरा दिवस मुक्कामास होतों. हार्बर मार्गावरील रे रोड आणि कॉटन ग्रीन या दोन स्थानकांच्या पश्चिमेस ही वस्ती पसरलेली आहे. रुळांच्या पूर्वेस बंदराची जमीन, गुदामें, दारूखान्याचे लोखंडबाजार आणि लांकडाच्या वखारी. पश्चिमेस चाळी, आणि चाळींच्या डोक्यावर आतां उभे राहिलेले उंच मनोरे. कॉटन ग्रीन या नांवांतच कापसाच्या व्यापाराची स्मृति आहे. ज्या देवावरून वस्तीस नांव पडलें तो घोडपदेव म्हणजे कोणा शिल्पकारानें घडविलेली मूर्ति नव्हे. शेंदरानें माखलेला खडक हाच येथला देव. घाटावरून व कोंकणांतून आलेल्या हमाल, गोदी कामगार व गिरणी कामगार यांनीं पिढ्यानुपिढ्या याच्यापुढें नारळ फोडले.

पुराणिक मनुष्य अशा देवाकडे पाहून नाक मुरडील. परंतु ज्यानें जातककथा वाचल्या आहेत त्यास तो अनोळखी वाटणार नाहीं. त्या कथांचें जग याच लोकांचें आहे. तेथें यज्ञमंडपापेक्षां वृक्षदेवता अधिक भेटतात. राजे आहेत, परंतु त्यांच्या बरोबरीनें सुतार आहेत, कुंभार आहेत, तांडे घेऊन जाणारे सार्थवाह आहेत, फुटकळ माल विकणारे फेरीवाले आहेत, नावाडी आहेत, गवत कापणारे आहेत. बोधिसत्त्व कधीं राजा होतो, कधीं माकड, कधीं हत्ती, तर कधीं आंधळा नाविक. संस्कृत काव्यांत ज्यांस नांव मिळालें नाहीं अशा कामकरी माणसांचा एवढा मोठा मेळा आपल्या प्राचीन वाङ्मयांत इतरत्र क्वचितच सांपडेल.

रे रोडच्या वखारींपाशीं उभें राहिलें असतां आम्हांस सहज एक कथा आठवली. काशीच्या एका श्रेष्ठीनें रस्त्यांत मेलेला उंदीर पाहिला आणि तो बोलून गेला कीं, बुद्धिमान् तरुण असेल तर एवढ्या भांडवलावरही धंदा उभारील. हें शब्द एका दरिद्री मुलाच्या कानीं पडले. त्यानें तो उंदीर उचलून एका दुकानदारास मांजरासाठीं विकला. मिळालेल्या कवडीमोल नाण्याचा गूळ घेतला. तो गूळ आणि पाण्याचा घडा घेऊन तो फुलें तोडून परतणाऱ्या माळ्यांच्या वाटेवर बसला. दमलेल्या माळ्यांनीं पाणी पिऊन त्याला ओंजळभर फुलें दिलीं. पुढें वादळ होऊन राजाच्या बागेंत फांद्या पडल्या, तेव्हां खेळणाऱ्या पोरांस गुळाचा खडा देऊन त्यानें त्या गोळा करविल्या आणि कुंभारास जळणासाठीं विकल्या. मग पांचशें गवत कापणाऱ्यांस पाणी पाजिलें. घोड्यांचा व्यापारी येणार हें कळल्यावर प्रत्येकाकडून एकेक पेंढी मागून घेतली आणि, ‘माझें गवत खपेपर्यंत तुम्ही विकूं नका’ एवढेंच मागणें केलें. शेवटीं बंदरांत जहाज लागलें, तेव्हां अंगठी विसार म्हणून ठेवून त्यानें सगळा माल उधारीनें बांधून घेतला. मागाहून आलेल्या शंभर व्यापाऱ्यांकडून त्यास दोन लक्ष मिळाले. त्यांतले एक लक्ष घेऊन तो त्या श्रेष्ठीकडे कृतज्ञता प्रकट करण्यास गेला. या जातकाचें नांव चुल्लकसेट्ठि, आणि संग्रहांत त्याचा क्रम चौथा.

ज्यांनीं सोमदेवाचा कथासरित्सागर चाळला असेल त्यांस ही कथा ओळखीची वाटेल. तेथेंही उंदरापासून धनवान् झालेला वाणी आहे. मात्र तो उंदराच्या बदल्यांत चणे घेतो, ते भाजून लांकूडतोड्यांस पाण्याबरोबर देतो, आणि त्यांनीं दिलेल्या मोळ्यांवर त्याचें भाग्य उघडतें. पावसानें लांकूड महाग होणें, वखारींत माल दाबून ठेवणें, वेळ साधून विकणें, हें सारें घोडपदेवच्या पोरास समजावून सांगावें लागत नाहीं. आमच्या भाच्याच्या धाकट्या मुलास ही कथा सांगितली, तेव्हां त्यानें पहिलाच प्रश्न विचारला : “आजोबा, पाणी फुकट दिलें म्हणून तो श्रीमंत झाला, कीं गवतवाल्यांना थांबवलें म्हणून?” प्रश्न मार्मिक आहे. मोठमोठ्या पंडितांनीं या कथेवर टीपा लिहिल्या, परंतु कथा जिवंत असल्याची खूण अशा प्रश्नांतच दिसते.

आतां या वाङ्मयाचें स्वरूप थोडें पाहूं. जातकट्ठकथा या पालि ग्रंथांत ५४७ कथा आहेत. यांपैकीं गाथा म्हणजे पद्यभाग तेवढा त्रिपिटकाच्या खुद्दकनिकायांत गणला जातो. गद्य कथा ही त्यावरील टीका होय. प्रत्येक कथेचे पांच अवयव असतात. प्रथम ‘पच्चुप्पन्नवत्थु’ म्हणजे वर्तमानकाळचा प्रसंग : अमुक भिक्षूनें अमुक केलें, त्यावरून बुद्धानें ही कथा सांगितली. मग ‘अतीतवत्थु’ म्हणजे पूर्वजन्मींची कथा. मग गाथा, मग गाथेच्या शब्दांचें विवरण, आणि शेवटीं ‘समोधान’ : त्या वेळचा माकड तो मी, मगर तो देवदत्त, असा मेळ. आमच्या वाचकांस ही रचना परकी वाटण्याचें कारण नाहीं. हरिदास पूर्वरंगांत एक पद घेऊन त्याचें निरूपण करितात, उत्तररंगांत आख्यान लावितात, आणि अखेर आख्यान मूळ पदास आणून जोडितात. पांच अवयवांचें जातक आणि दोन रंगांचें कीर्तन हीं एकाच देशांतल्या सांगणाऱ्यांचीं भावंडें आहेत.

मजकुराच्या दृष्टीनेंही तेंच. पंचतंत्राच्या चौथ्या तंत्रांतला वानर व मगर सुंसुमार जातकांत आहे. सिंहाचें कातडें पांघरलेलें गाढव सीहचम्म जातकांत आहे. बोलण्याच्या हौसेनें आकाशांतून पडलेलें कांसव कच्छप जातकांत, आणि माशांस फसविणारा बगळा व त्याचा गळा धरणारा खेंकडा बक जातकांत. आपल्या घरांत ज्या गोष्टी विष्णुशर्म्याच्या म्हणून सांगितल्या जातात, त्यांपैकीं कितीएक बौद्ध भिक्षूही सांगत होते. या संग्रहाची रोमन लिपींतील पहिली समग्र आवृत्ति मात्र डेन्मार्कच्या फाउसबोल या पंडितानें १८७७ ते १८९६ या काळांत सिद्ध केली, आणि कॉवेलच्या संपादकत्वाखालीं इंग्रजी भाषांतर १८९५ पासून निघूं लागलें. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यांत विश्वंतर व षड्दंत हत्ती भिंतींवर रंगविलेले आहेत, पहिल्यांत महाजनक आहे. परंतु त्या चित्रांपुढें उभ्या राहणाऱ्या मराठी माणसास तीं ओळखूं यावयास युरोपीय पंडितांच्या पुस्तकांची गरज पडली.

मुंबईचा स्वतःचा संबंधही लहान नाहीं. वसईजवळचें सोपारें म्हणजे प्राचीन शूर्पारक. दिव्यावदान या संस्कृत ग्रंथांत तेथल्या पूर्ण नांवाच्या दासीपुत्र व्यापाऱ्याची कथा आहे : सावत्र भावांनीं वाटणींतून वगळलेला हा पुत्र व्यापारानें मोठा होतो, सागरयात्रेंत बुद्धवचनें ऐकतो, आणि पुढें भिक्षु होऊन क्रूर म्हणून गाजलेल्या श्रोणापरान्तक लोकांत धर्म सांगण्यास स्वतःहून जातो. त्याच सोपाऱ्यास पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं १८८२ सालीं स्तूप उकरला व अस्थिकरंडक बाहेर काढिले. तेथेंच अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही मिळाला. एकत्र कुटुंबाच्या वाटण्या ज्यांनीं पाहिल्या आहेत, त्यांस पूर्णाची कथा वाचतांना दोन हजार वर्षांचें अंतर जाणवणार नाहीं.

हें वाङ्मय मराठींत कोणीं आणिलें? येथें ज्या पुरुषाचें नांव घेतल्यावांचून गत्यंतर नाहीं, ते धर्मानंद कोसंबी. गोव्यांतील सांखवाळ गांवीं ९ ऑक्टोबर १८७६ रोजीं सारस्वत ब्राह्मण कुळांत त्यांचा जन्म झाला. शालेय शिक्षण बेताचें; घरच्या नारळींच्या बागेंत लक्ष घालणें हेंच पुढ्यांत वाढून ठेवलेलें आयुष्य. तरुणपणीं मुलांसाठीं निघणाऱ्या एका मराठी मासिकांत त्यांनीं बुद्धाचें चरित्र वाचलें आणि त्यांस ध्यास लागला. १८९९ च्या अखेरीस त्यांनीं घर सोडिलें. पुणें झालें, ग्वाल्हेर झालें, काशींत अन्नछत्रांत जेवून संस्कृताचें अध्ययन झालें, नेपाळ झालें. पण तेथें जें शोधीत होते तें मिळालें नाहीं. मग लंकेस जाऊन कोलंबोच्या विद्योदय परिवेणांत सुमंगल स्थविरांपाशीं ते पालि शिकले आणि १९०२ सालीं श्रामणेर झाले. पुढें ब्रह्मदेशांत राहिले. एका मासिकाच्या चार पानांनीं केवढा प्रवास घडविला!

परत आल्यावर कलकत्त्यास त्यांना पालीच्या अध्यापकाचें पद मिळालें. परंतु महाराष्ट्रांत राहून स्वभाषेंत लिहावें ही त्यांची तळमळ होती. बडोद्याचे श्रीमंत सयाजीराव महाराज यांनीं दरमहा ५० रुपये देऊं केले, आणि तेवढ्यावर कोसंबींनीं कलकत्त्याची नोकरी सोडिली. १९१० सालीं ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ हें पुस्तक निघालें. त्याच वर्षीं हार्वर्डच्या विद्यापीठानें ‘विसुद्धिमग्ग’ या बुद्धघोषाच्या ग्रंथाच्या संपादनासाठीं त्यांस अमेरिकेस बोलाविलें. त्या कामासाठीं ते चार वेळां तेथें गेले. डॉ. रामकृष्णपंत भांडारकरांच्या खटपटीनें मुंबई विद्यापीठांत पालीस स्थान मिळालें होतें. तेव्हां १९१२ पासून १९१८ पर्यंत कोसंबींनीं पुण्यास फर्ग्युसन कॉलेजांत पालि शिकविली. त्यांच्या हाताखालीं जी पिढी तयार झाली तींत पुरुषोत्तम विश्वनाथ बापट, ना. के. भागवत व चिं. वै. राजवाडे हीं नांवें ठळक आहेत. राजवाडे यांनीं दीघनिकाय मराठींत आणण्यास हात घातला. बापटांनीं सुत्तनिपात नागरी लिपींत छापिला. भागवतांनीं मुंबईच्या विद्यार्थ्यांसाठीं नागरी लिपींतील पालि ग्रंथांची माला चालविली. लिपि नागरी झाली ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. तोंपर्यंत पालि शिकणाऱ्या मराठी मुलास सिंहली, ब्रह्मी किंवा रोमन अक्षरांतून आपल्याच देशाची भाषा वाचावी लागे.

आणि ती भाषा किती जवळची आहे! संस्कृतांत हस्त, पालींत हत्थ, मराठींत हात. सप्त, सत्त, सात. कर्म, कम्म, काम. कर्ण, कण्ण, कान. अग्नि, अग्गि, आग. मराठी थेट पालीपासून झाली असें नव्हे. तिचें माहेर महाराष्ट्री प्राकृतांत आहे. परंतु दोघी एकाच वळणाच्या. संस्कृत येणाऱ्या मुलास पालीचा पहिला पाठ एका आठवड्यांत कळूं लागतो, हें अनेक शिक्षकांच्या अनुभवाचें आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं भारत सरकारनें मराठी व पालि या दोहोंस एकाच निर्णयानें अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हां आम्हांस या जोडीचें विशेष समाधान वाटलें.

एवढें झालें कॉलेजांतलें अध्ययन. कोसंबींच्या ठिकाणीं दुसरा कोणी असता तर पुण्याच्या किंवा केंब्रिजच्या एखाद्या खुर्चीवर स्वस्थ बसता. परंतु १९३७ सालीं त्यांनीं परळास, कामगारांच्या वस्तींत, बिर्लांच्या साहाय्यानें विहार उभारिला आणि त्याचें नांव ‘बहुजन विहार’ असें ठेविलें. हार्वर्डच्या ग्रंथालयांतला पंडित गिरण्यांच्या भोंग्याखालीं येऊन राहिला. आमच्या कोसभर प्रवासाचें दुसरें टोंक तें हेंच.

घोडपदेवाहून काळाचौकीच्या बाजूनें आपण लालबागेंत येतों. गणेशोत्सवाच्या दिवसांत या रस्त्यावर पाऊल ठेवावयास जागा नसते. इतर वेळीं मसाल्याच्या गिरण्यांचा व चिवड्याच्या दुकानांचा वास दरवळत असतो. ज्या कापडगिरण्यांनीं या भागास गिरणगांव हें नांव मिळवून दिलें, त्यांचे भोंगे आतां वाजत नाहींत. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपानंतर बहुतेकांस घरघर लागली, आणि त्यांच्या जमिनींवर आज कचेऱ्या, बाजार व मनोरे आहेत. कांहीं जुन्या चाळी अजून टिकून आहेत. आमच्या भाच्याच्या शेजारचे एक वृद्ध गृहस्थ, जे पूर्वी गिरणींत साचेवाले होते, त्यांनीं चाळीचा सामायिक नळ आम्हांस दाखविला. पहांटे चार वाजतां पाणी येई; हंडे-कळशांची रांग लागे; एकीचा हंडा सरकविला गेला कीं शब्द सुरू होत, शब्दावरून माहेरचा व गांवचा उद्धार होई, आणि मग बायकांचें भांडण पुरुषांच्या हातघाईवर येई. “नळ तासांत जायचा, भांडण महिनाभर टिकायचें,” असें ते म्हणाले.

हें ऐकतांच आम्हांस कुणाल जातकाच्या प्रारंभींचा प्रसंग आठवला. शाक्य आणि कोलिय या दोन कुळांच्या मधून रोहिणी नदी वाहत होती. ज्येष्ठ महिन्यांत पिकें वाळूं लागलीं. पाणी दोहोंस पुरेना. प्रथम बांधावरचे मजूर बोलले, मग एकमेकांच्या कुळाचा उद्धार झाला, मग ती वार्ता अधिकाऱ्यांकडे व तेथून राजकुळांकडे गेली, आणि दोन्ही बाजू शस्त्रें घेऊन नदीकांठीं उभ्या राहिल्या. बुद्ध मध्यें आला व त्यानें विचारिलें, भांडण कशाचें? राजांस नीट सांगतां येईना. खालीं चौकशी करीत करीत शेवटीं मजुरांपर्यंत जावें लागलें, तेव्हां कळलें कीं पाण्याचें. मग त्यानें पाण्याचें मोल विचारिलें, आणि मग माणसांचें. पाणी थोडक्या मोलाचें, माणसें अमोल. तेव्हां थोडक्यासाठीं अमोल कां नासतां, एवढाच त्याचा प्रश्न. ही कथा वाचनालयांत वाचणें निराळें आणि चाळीच्या नळापाशीं आठवणें निराळें.

कोसंबींच्या विद्वत्तेचा मोठा पराक्रम या रोहिणीशींच निगडित आहे. म्हातारा, रोगी, प्रेत व संन्यासी पाहून राजपुत्रास वैराग्य आलें, ही कथा आपण सर्वांनीं ऐकिलेली. अश्वघोषाच्या बुद्धचरितानें ती काव्यांत अमर केली. कोसंबींनीं मूळ पालि ग्रंथ तपासून दाखविलें कीं, हा चार दर्शनांचा प्रसंग दीघनिकायाच्या महापदानसुत्तांत विपस्सी नांवाच्या पूर्वींच्या बुद्धाविषयीं सांगितलेला आहे. तो गौतमास मागाहून चिकटविला गेला. सुत्तनिपातांतील अत्तदंडसुत्तांत बुद्ध स्वतःच्या वैराग्याचें कारण निराळें सांगतो : लोकांनीं उगारलेलें शस्त्र आणि आटत्या पाण्यांतल्या माशांप्रमाणें चाललेली त्यांची तळमळ पाहून त्यास भय वाटलें. त्यावरून शाक्य-कोलियांच्या भांडणांतच गृहत्यागाचें मूळ असावें, असें कोसंबींनीं अनुमान बांधिलें. ‘भगवान बुद्ध’ या १९४०-४१ च्या ग्रंथांत त्यांनीं हें मांडिलें, आणि ‘बोधिसत्त्व’ नाटकांत त्यास रूप दिलें.

कोणी म्हणेल, एका कथेच्या जागीं दुसरी आली, त्यांत एवढें काय? आमच्या मतें फार मोठें आहे. पहिल्या कथेंतला राजपुत्र स्वतःच्या मरणास भितो. दुसऱ्या कथेंतला दुसऱ्यांच्या हत्येस. एकीचा शेवट अरण्यांत होतो, दुसरीचा लोकांत. जुन्या पोथ्यांचे पाठ ताडून पाहणें हें कित्येकांस निरुद्योगी पंडितांचें काम वाटतें. परंतु येथें त्या कामानें एका महापुरुषाचा चेहराच निराळा दिसूं लागला.

या रस्त्यावर दुसरीही एक स्मृति आहे. परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळींत डॉ. भीमराव आंबेडकर अनेक वर्षें राहिले. विद्यार्थिदशेंत परीक्षा उत्तीर्ण झाल्याबद्दल त्यांचा सत्कार झाला, तेव्हां कृष्णराव अर्जुन केळुसकर या शिक्षकांनीं त्यांस स्वतः लिहिलेलें बुद्धचरित्र भेट दिलें. ही गोष्ट आंबेडकरांनीं स्वतःच नमूद करून ठेविली आहे. पुढें १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरास त्यांनीं लक्षावधि लोकांसह धम्मदीक्षा घेतली. ६ डिसेंबरास त्यांचें निधन झालें. आणि १९५७ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या त्यांच्या ग्रंथांतही सिद्धार्थाचा गृहत्याग रोहिणीच्या पाण्यावरील युद्धाच्या ठरावांतून उद्भवतो. कोसंबी हे पाहण्यास राहिले नव्हते. ४ जून १९४७ रोजीं सेवाग्रामास त्यांनीं प्रायोपवेशनानें देह ठेविला होता. एक सारस्वत पंडित मासिकांतल्या लेखानें जागा झाला, एक महार विद्यार्थी शिक्षकानें दिलेल्या पुस्तकानें. आणि दोघांच्याही वाटा या परळांतून गेल्या. पोथ्या राजाश्रयानें टिकतात, हें खरें असेल. विचार मात्र एका हातानें दुसऱ्या हातांत पुस्तक ठेविल्यानें पसरतो.

आज गिरणगांवांतील बुद्धविहारांत आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत वर्षावास पाळला जातो, आणि त्या तीन महिन्यांत सायंकाळीं ग्रंथवाचन होतें. आमच्या घराण्यांतही चातुर्मासांत पोथी लागते. एकाच पावसांत, कधीं कधीं एकाच गल्लींत, दोन ठिकाणीं दोन पोथ्या उघडल्या जातात. पण या घरांतल्यांस त्या घरांत काय वाचितात हें ठाऊक नसतें. ज्या घरांत संस्कृताची किल्ली पिढीजात होती, त्या घरांनीं हें दालन उघडून पाहिलें नाहीं, ही आमच्या मतें मोठी हानि आहे, आणि ती बौद्धांची नव्हे, आपली.

एक शंका वडील मंडळी निश्चित काढतील. दशरथ जातकांत राम, लक्ष्मण व सीता हीं भावंडें सांगितलीं आहेत व राम काशीच्या राजाचा पुत्र आहे. असलें कांहीं मुलांपुढें कसें ठेवावें? आमचें उत्तर असें कीं, थोड्या मोठ्या मुलांपुढें तें अवश्य ठेवावें आणि दोन्ही कथा शेजारीं शेजारीं वाचाव्यात. वाल्मीकीची सीता त्यामुळें मलिन होत नाहीं. पित्याच्या मरणाची वार्ता आल्यावर जातकांतला राम जो शोकसंयम दाखवितो, तो पाहिला म्हणजे भिक्षूंस रामाची थोरवी कोठें दिसली हें कळतें. तुलना करण्यास भिणारें मूल पुढें पाठांतर करील. अध्ययन करणार नाहीं.

साधनांची उणीव आतां राहिलेली नाहीं. कोसंबींचीं पुस्तकें मिळतात. दुर्गाबाई भागवतांनीं समग्र जातककथा ‘सिद्धार्थ जातक’ या नांवानें सात खंडांत मराठींत आणून ठेविल्या आहेत. एवढें काम एका व्यक्तीनें केलें हें सांगितल्यास परक्या प्रांतांतील माणसास खरें वाटणार नाहीं. घरांत संस्कृत जाणणारें कोणी असेल तर त्यानें रोज एक गाथा घेऊन तिचें संस्कृत रूप मुलांकडून करवून घ्यावें. तो व्याकरणाचा उत्तम पाठ होतो. ज्या घरांत तसें कोणी नसेल, तेथें रात्रीं जेवणें आटोपल्यावर आजीनें किंवा आईनें एक कथा वाचावी व मुलांस प्रश्न विचारूं द्यावेत. उत्तर लगेच दिलेंच पाहिजे असें नाहीं.

परळास पोंचलों तेव्हां दिवेलागण झाली होती. रस्त्यावर रुग्णालयांकडे जाणाऱ्या-येणाऱ्यांची गर्दी होती. उड्डाणपुलावरून मोटारी धांवत होत्या. अमुक ठिकाणीं अमुक घडलें हें सांगणारे फारसे कोणी भेटत नाहींत. भाच्याचा धाकटा मुलगा बरोबर होता. परततांना बसमध्यें त्यानें रोहिणीची गोष्ट पुन्हां सांगावयास लाविली आणि मग म्हणाला, “पण मग पाणी शेवटीं कोणाला मिळालें?” ग्रंथांत भांडण मिटल्याचें आहे, शेताला पाणी कसें वांटलें याचा हिशेब आमच्या पाहण्यांत नाहीं. “तूं असतास तर कसें वांटलें असतेंस?” असें आम्हीं त्यास विचारिलें. घोडपदेव येईपर्यंत तो बोटांवर दिवस मोजीत होता : आज यांचें शेत, उद्यां त्यांचें.